अर्ध्या वर्षाची पहिली इयत्ता

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

दरवर्षी जूनच्या मध्यावर महाराष्ट्रातील प्राथमिक शाळा उघडतात. विदर्भात उन्हाळा लांबत असल्याने आठवडाभर उशिरा. त्या दिवशी गावोगाव प्रवेशोत्सव होतो. पहिलीच्या मुलांना गुलाबाचे फूल मिळते, कुठे बैलगाडीतून मिरवणूक निघते, कुठे रंगात बुडवलेल्या चिमुकल्या पावलांचा ठसा कागदावर घेऊन 'पहिले पाऊल' म्हणून तो जपला जातो. पुढाऱ्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. हा सोहळा वाईट आहे असे म्हणण्याचे कारण नाही. ज्या घरात तीन पिढ्यांत कोणी पाटी धरली नाही, त्या घरातले मूल वाजतगाजत शाळेत जात असेल तर त्याकडे पाहून नाक मुरडणे हा करंटेपणा ठरेल. परंतु फूल सुकल्यानंतर, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून, त्या मुलाला वर्गात नेमके काय शिकवले जाते हे पुढारी विचारत नाहीत आणि, खेदाने नमूद केले पाहिजे, समाजवादी चळवळीतले कार्यकर्तेही विचारत नाहीत. गळक्या खोल्या, शिक्षकांची रिक्त पदे, पोषण आहार यांवर मोर्चे निघतात. ते निघालेच पाहिजेत. मात्र पहिली-दुसरीच्या फळ्यावर जून ते दिवाळी या काळात काय लिहिले जाते, हा जणू शिक्षकाचा खासगी मामला आहे अशी समजूत रूढ झाली आहे. काही कार्यकर्त्यांची स्वतःची मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जात असल्यामुळे ही समजूत सोयीचीही झाली असावी.

या व्याख्यानाचा विषय तेवढाच आहे: शाळेच्या वर्षाच्या आरंभी लहान मुले काय शिकतात. विषय लहान वाटेल. परंतु महाराष्ट्रात असा एक मोठा श्रमिक वर्ग आहे की ज्याच्या मुलांच्या बाबतीत वर्षाचा आरंभ हेच संपूर्ण वर्ष असते. दिवाळीनंतर त्यांची शाळा नसते. जूनमध्ये जे शिकवले, ऑगस्टमध्ये जे शिकवले, तेवढीच त्यांची पहिली, तेवढीच दुसरी. हा वर्ग म्हणजे ऊसतोड कामगारांचा.

बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी हे तालुके, शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीच्या अहमदनगरमधील) पाथर्डी, शेवगाव, शिवाय जालना, परभणी आणि उत्तरेकडे धुळे-नंदुरबारचा आदिवासी पट्टा येथून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि उत्तर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या फडांवर जाऊन ती कोप्या उभारतात आणि गाळप संपेपर्यंत तिथेच राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पावसाळ्यात मुकादम दारी येतो, उचल देतो, आणि ती उचल हंगामभर ऊस तोडून फेडायची असते. अशा जोडप्याच्या सहा वर्षांच्या मुलाला मागे ठेवायला घरात म्हातारी धडधाकट असेल तर ते मागे राहते. नसेल तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांबरोबर तेही चढते. मुलगी थोडी मोठी असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळायला तिची फडावर गरज असतेच.

येथे दोन पंचांगांची गाठ पडते. कारखान्याचा हंगाम उसातली साखर केव्हा पक्व होते यावर ठरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. शाळेचे वर्ष पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होऊन एप्रिलअखेर संपते. मजूर गावी परततो तेव्हा शाळा उन्हाळ्याच्या सुटीत बंद होऊ घातलेली असते. २०२१-२२ च्या हंगामात ऊस इतका झाला की मराठवाड्यात जून उजाडेपर्यंत गाळप चालू राहिले. त्या साली कित्येक मुले नवे वर्ष सुरू झाल्यावरच गावी आली असतील. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे असे ठरवून दिले आहे. रविवार, पोळा, गणपती, दसरा वजा केले तर जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत शंभराच्या आतबाहेर दिवस भरतात. म्हणजे या मुलाला कायद्याने दिलेला हक्क अर्धाच पोहोचतो. बापाला अर्धा कोयता म्हटले तर निदान मजुरीही अर्धीच धरतात. शाळेच्या दाखल्यावर मात्र मुलाचे वर्ष पूर्ण लागते. चार वर्षांनी ते 'चौथी उत्तीर्ण' होते तेव्हा त्याच्या पदरात जेमतेम दोन वर्षांची शाळा पडलेली असते, तीही पाठोपाठची दोन नव्हेत. प्रत्येक इयत्तेचा पूर्वार्ध त्याला ठाऊक, उत्तरार्ध अज्ञात.

आता या पूर्वार्धात काय असते ते पाहू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पहिलीच्या आरंभी तीन महिन्यांचा 'विद्याप्रवेश' हा पूर्वतयारीचा कार्यक्रम आला. खेळ, गाणी, गोष्टी, चित्रे, वस्तूंची जुळवाजुळव, लहान-मोठे, आत-बाहेर, कमी-जास्त. त्यामागची कल्पना शास्त्रीय आहे यात शंका नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी पाटी देऊन अक्षरे घोटून घेणे हा जुना छळ होता आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्याच्याविरुद्ध आयुष्य वेचले. प्रश्न कल्पनेचा नसून हिशेबाचा आहे. ज्या मुलाची शाळाच साडेचार महिन्यांची आहे त्याचे तीन महिने तयारीत गेले तर अक्षरांना आणि अंकांना दीड महिना उरतो. बरे, तयारी वगळावी म्हटले तर तीही पंचाईत आहे. शहरातल्या वा बागायती गावातल्या मुलाची दोन-तीन वर्षे बालवाडीत गेलेली असतात; त्याला ही तयारी पुनरावृत्तीची वाटेल. फडावर वाढलेल्या मुलाची अंगणवाडी मात्र प्रत्येक हंगामात तुटलेली असते, म्हणजे तयारीची सर्वांत जास्त गरज त्यालाच. ज्याला जास्त वेळ हवा त्यालाच कमी वेळ मिळतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे चित्र अनोळखी नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला कर्जाची गरज जास्त आणि पतपेढीचे दार त्याच्यासाठी अरुंद, तोच न्याय पहिलीच्या वर्गात लागू होतो.

तयारी संपते आणि अक्षरे सुरू होतात. मग एक ते नऊ, मग शून्य, मग दहा. शून्य आणि दहा हा लहान मुलाच्या बुद्धीचा पहिला मोठा पराक्रम आहे: एकच खूण जागा बदलली की किंमत बदलते. हे उमगायला सराव लागतो, काड्यांचे गठ्ठे बांधावे आणि सोडावे लागतात. नेमक्या याच टप्प्यावर दिवाळीची सुटी लागते आणि मूल निघून जाते. पुढच्या जूनमध्ये ते दुसरीत बसते. दुसरीचे पुस्तक जोडाक्षरे आणि दोन अंकी बेरीज येते असे गृहीत धरून चालते. २०२३ साली राज्याने पाठ्यपुस्तके चार भागांत विभागली आणि त्यांत वहीची कोरी पाने घातली होती. २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. त्या दोन वर्षांत ऊसतोडीच्या मुलांच्या बाबतीत पुस्तकाचे शेवटचे भाग कोरे काय आणि छापील काय, सारखेच होते.

देशभरच्या ग्रामीण मुलांची 'असर' या नावाने होणारी पाहणी सर्वांना ठाऊक आहे. तिसरीतील किती मुले दुसरीचा उतारा वाचू शकतात याचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे २७ टक्के होते. महामारीत शाळा बंद पडल्यानंतर २०२२ मध्ये ते २० टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये पुन्हा २७ च्या आसपास आले. या आकड्यांवर वर्तमानपत्रांत दोन दिवस हळहळ होते. त्यांतून एक गोष्ट मात्र निर्विवाद निघते. शाळा बंद राहिली तर मुले विसरतात, आणि उघडली तर पुन्हा शिकतात. दीड-दोन वर्षांच्या टाळेबंदीने जे झाले त्याला राष्ट्रीय आपत्ती म्हटले गेले. ऊसतोड कामगाराच्या मुलाच्या वाट्याला ही टाळेबंदी दरवर्षी येते.

संख्यांचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबले पाहिजे. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचे दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक आले आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. एकवीस हे 'वीस एक', त्र्याहत्तर हे 'सत्तर तीन' असेही वाचावे, असे त्या पुस्तकात सुचवले होते. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. संस्कृती बुडाली, मराठीचा इंग्रजीपुढे पराभव झाला, असा ओरडा झाला. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावावर कोटी करून हशा पिकवला गेला. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती, ती नव्या वाचनाशेजारीच छापलेली होती, हे पाहण्याइतकी उसंत टीकाकारांपैकी थोड्यांनाच होती.

मोठ्या माणसाला संख्यानामे पाठ असल्यामुळे त्यांतली अडचण दिसत नाही. ती मुलाच्या जागी बसून पाहावी लागते. 'तेवीस' म्हणताना तीन आधी ऐकू येतो, लिहिताना दोन आधी लिहायचा असतो. म्हणून मूल ३२ लिहिते आणि मार खाते. तीन हा एकच अंक तेरा, तेहतीस, त्रेपन्न, त्र्याऐंशी अशी रूपे पालटत जातो. पन्नासाचे 'वन्न' होते, सत्तराचे 'हत्तर' होते. 'एकोणसत्तर' या शब्दात सहाही नाही आणि नऊही नाही, आणि मुलाने लिहायचे असते ६९. एकोणनव्वदपर्यंत हा 'एकोण' चा नियम कसाबसा अंगवळणी पडावा तर शेवटी 'नव्व्याण्णव' येऊन तोही मोडतो. म्हणजे शंभरपर्यंतची बहुतेक नावे सुटी सुटी पाठ करावी लागतात. कानडी वा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला वीसच्या पुढे दहा आणि एकक यांची नावे सरळ जोडावी लागतात. नॉर्वेत पूर्वी एकक आधी आणि दशक नंतर असे बोलत. तिथे दूरध्वनीच्या क्रमांकांत घोटाळे होऊ लागले म्हणून संसदेने ठराव करून १९५१ पासून दशक आधी बोलण्याची पद्धत शाळांत आणि सरकारी व्यवहारात आणली. नॉर्वेची संस्कृती त्याने बुडाली नाही; जुनी पद्धतही लोकांच्या तोंडी टिकून राहिली.

ज्या घरात आई-बाप संध्याकाळी पोराजवळ बसून उजळणी म्हणवून घेतात त्या घरातले मूल 'त्र्याहत्तर' काय, त्याहून अवघड शब्दही पाठ करील. त्याला वर्ष आहे, पुस्तक आहे, माणूस आहे. नव्या वाचनाचा खरा लाभ होता तो ज्याला यांपैकी काहीच नाही त्याला. शंभर शब्दांऐवजी वीस शब्दांत ज्याची संख्यांशी ओळख होऊ शकली असती त्याच्या बाजूने त्या वादात कोणी बोलले नाही. अर्थात 'सत्तर तीन' एवढेच शिकवून भागणार नाही, हेही खरे. बाजारात कांदेवाला त्र्याहत्तरच म्हणणार आणि मुकादमही त्र्याहत्तरच म्हणणार. शाळेत संख्येचा अर्थ एका वाचनाने आणि जगाची भाषा दुसऱ्या वाचनाने, असे दोन्ही हवे. समितीची भूमिका त्याहून फारशी वेगळी नव्हती. २०२३ साली डॉ. नारळीकर निवर्तल्या, या एका बाबतीत तरी त्यांना न्याय मिळाला नाही.

मुकादमाचा उल्लेख आला, तो वाटेत आलेला नाही. फडावरून आलेले मूल अडाणी म्हणून पहिलीत बसते, परंतु त्याला पुष्कळ काही येत असते. मोळीत किती ऊस, गाडीत किती मोळ्या, वाढ्याचे भारे विकून किती पैसे आले, दुकानातून आणलेल्या सामानाचे किती परत यायला हवेत, हे ते जाणते. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांची पाहणी केली. ती २०२५ मध्ये 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. विक्रीचे गुंतागुंतीचे हिशेब ही मुले तोंडी बिनचूक करत होती, आणि त्याच प्रकारची वजाबाकी वा भागाकार कागदावर शाळेच्या पद्धतीने मांडला की अडत होती. उलट केवळ शाळेत जाणाऱ्या मुलांना कागदावरचे येत होते, बाजारातले जमत नव्हते. दोन गणिते शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांच्यात पूल नाही. हा पूल बांधण्याची जागा पहिली-दुसरीचा वर्ग हीच आहे, आणि त्याची वेळ वर्षाच्या आरंभीचीच आहे. जूनमध्ये शिक्षकाने मुलाला 'तुला काय येते?' असे विचारले तर पुढचे सारे सुकर होते. 'तुला काय येत नाही' हे शोधणाऱ्या चाचण्या मात्र आता उदंड झाल्या आहेत.

कागदावरची वजाबाकी हा काही गुणपत्रिकेपुरता प्रश्न नाही. उचल किती घेतली, किती टन तोडले, दर काय, मुकादमाचे कमिशन किती, खाडे किती लावले, शिल्लक किती फिटली, हा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि ती वही वाचता येणारा माणूस कोपीत नसतो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्क्यांची वाढ मान्य झाली. संघटनांनी ती झगडून मिळवली. परंतु वाढलेला दर आणि वहीत मांडलेला दर एकच आहे की नाही हे ताडून पाहायला कोणीतरी घरचे माणूस हवे. ऑगस्टमध्ये दुसरीच्या फळ्यावर जी हातच्याची वजाबाकी मांडली जाते ती शिकलेले पोर हे या कुटुंबाजवळचे पहिले हिशेबनीस ठरू शकते.

महात्मा फुले यांना हे स्वच्छ दिसत होते. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर आयोगाला जे निवेदन सादर केले त्यात निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे तर म्हटलेच, शिवाय मुलांना काय शिकवावे हेही सांगितले: मोडी आणि बाळबोध यांचे लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे चार पाठ. या यादीत मोडी आरंभीच का आली याचा विचार करण्यासारखा आहे. त्या काळी कर्जरोखे, गहाणखते, गावचे दप्तर मोडीत लिहिलेले असे. ज्या लिपीत शेतकऱ्याला फसवले जाई ती लिपी त्याच्या मुलाला आधी आली पाहिजे. अभ्यासक्रम म्हणजे काय, याचे याहून व्यवहारी उत्तर त्यानंतरच्या समित्यांच्या जाडजूड अहवालांत क्वचितच सापडेल.

या मागणीचे पुढे काय झाले तो इतिहास कार्यकर्त्यांना परिचित आहे. गोपाळ कृष्ण गोखले, ज्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून वापरले जात असे, त्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ती सक्ती आणून दाखवली. घटनेच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांची मुदत घातली, ती १९६० मध्येच संपली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर व्हावा असे सांगितले. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही धोरणांनी तो आकडा नव्याने उच्चारला. अखेर २००२ ची घटनादुरुस्ती आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्क कायदा.

भाषेबद्दल थोडक्यात. ऊसतोडीला जाणाऱ्यांत तांड्यांवरचे बंजारा मोठ्या संख्येने आहेत, नंदुरबारकडचे भिल्ल-पावरा आहेत. बंजारा मूल आईला 'याडी' म्हणते. वाचनाच्या पहिल्या धड्यात त्याला भेटते 'आई'. शब्द काही अवघड नाही. चार दिवसांत कळतो. परंतु आपल्या घरातला शब्द शाळेत चालत नाही ही गोष्ट त्याहून लवकर कळते आणि मूल गप्प बसू लागते. गप्प बसणारे मूल वाचायला उशिरा शिकते. शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमात शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. शंभर दिवसांच्या पहिलीत निदान पहिले काही आठवडे तांड्यावरची शिकलेली मुलगी शिक्षकाच्या मदतीला वर्गात बसली, तरी पुष्कळ काम होईल.

या पार्श्वभूमीवर २०२५ चा जून आठवावा. त्या वर्षी १६ एप्रिलला शासनाने मराठी आणि इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा निर्णय काढला. १६ जूनला शाळा उघडल्या, १७ जूनला सुधारित निर्णय निघाला, २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सक्तीला झालेला विरोध योग्यच होता. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादण्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु त्या रणधुमाळीत पहिल्याच भाषेत न बोलणारे, वर्गाच्या कोपऱ्यात बसलेले हे मूल कोणत्याही व्यासपीठावर दिसले नाही. पहिलीचा नवा अभ्यासक्रम त्याच वर्षी सुरू झाला होता. त्याच्या पहिल्या पंधरवड्यात राज्याने तिसऱ्या भाषेवर जेवढी शक्ती खर्चली तिचा दहावा हिस्सा पहिल्या भाषेच्या वाट्याला आला असता तर बरे झाले असते.

मित्रहो, उपाय अजिबात झाले नाहीत असे नाही. काही कारखान्यांच्या परिसरात स्वयंसेवी संस्थांनी साखरशाळा चालवल्या. कोसबाडच्या ताराबाईंनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा नेली होती, तिला कुरणशाळा म्हणत. साखरशाळा ही तिचीच धाकटी बहीण. पण कुरण रोज तेच असते आणि फड बदलत राहतो. कोप्या कारखान्याच्या तळावरून आठ-दहा मैलांवर हलल्या की साखरशाळेचा पट रिकामा होतो. त्याहून बरा मार्ग हंगामी वसतिगृहाचा: मुलाने गावातच, आजीपाशी वा नातलगापाशी राहायचे, त्याच शाळेत जायचे आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय शासनाने करायची. खर्च कमी, शाळा तीच, शिक्षक तोच. यातली मेख वेळेची आहे. मजुरांची वाहने दसऱ्यानंतर निघतात आणि वसतिगृहाच्या मंजुरीचा कागद त्यानंतर हलू लागतो, असे अनेकदा घडते. जेवण सुरू झाले की नाही याची खात्री नसेल तर कोणती आई पोर मागे ठेवील?

कायदा येथे दुबळा नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आहे. पाचव्या कलमाने दाखला तत्काळ दिला पाहिजे आणि दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही. सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण यांखेरीज अन्य कामांना शिक्षक जुंपता येत नाहीत. तरी ऑनलाइन माहिती भरण्यात जून-जुलै कसा जातो हे कोणत्याही दोन शिक्षकी शाळेत जाऊन विचारावे. चौथीचा निकाल दिसतो, पहिलीचा दिसत नाही, म्हणून जाणता शिक्षक वरच्या वर्गाला आणि नवखा पहिलीला, ही वाटणीही बऱ्याच ठिकाणी चालते. ती उलटी करायला पैसा लागत नाही.

पैसा लागेल तो उन्हाळ्यात. कुटुंबे एप्रिलमध्ये परततात, तेव्हा त्यांच्या मुलांसाठी सकाळी सात ते दहा असा सहा आठवड्यांचा वर्ग शाळेत भरवला पाहिजे. दहानंतर बीडच्या पत्र्याच्या खोलीत कोणाला बसवू नये. सुटलेला उत्तरार्ध एवढ्यात भरून निघणार नाही. काड्यांचे गठ्ठे मात्र पुन्हा बांधून होतील आणि जूनमध्ये दुसरीत बसताना मूल अगदीच परके असणार नाही. शिक्षकांना त्याचा वेगळा मोबदला दिला पाहिजे. त्यांच्या सुटीवर डल्ला मारून समाजवाद येत नाही.

आणि कारखान्यांचे काय? साखर आयुक्त दर हंगामाला गाळप परवाना देतात. शेतकऱ्यांची उसाची थकबाकी दिली नाही तर तो परवाना अडवता येतो, आणि शेतकऱ्यांच्या संघटित ताकदीमुळे तो अनेकदा अडवला गेलाही आहे. त्याच परवान्यात, कारखान्याच्या तोडणी कामगारांची सहा ते चौदा वयाची मुले कोणत्या गावच्या कोणत्या शाळेत आहेत त्याची यादी जोडण्याची अट का असू नये? मुकादमांशी करार करताना प्रत्येक कोयत्याची नोंद कारखान्याकडे होतेच. तिथे मुलाचे नाव लिहायला आणखी एक रकाना पुरे. वसतिगृहात ठेवलेल्या प्रत्येक मुलामागे कारखान्याने ठरावीक रक्कम द्यावी. सहकारी कारखाने हे लोकांचे म्हणवतात आणि त्यांचे अध्यक्ष शिक्षणसंस्थाही चालवतात; त्यांना हे समजावून सांगणे अवघड जाऊ नये. खासगी कारखान्यांना समजावण्याची गरज नाही, त्यांना अट घालायची.

मुकादम पावसाळ्यातच उचल वाटायला येतो. म्हणून कार्यकर्त्याने त्याच्या आधी शाळेत पोहोचले पाहिजे, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. मुख्याध्यापकांना भेटावे, गेल्या वर्षी दिवाळीनंतर पटावरची कोणती मुले दिसेनाशी झाली त्यांची नावे घ्यावीत, घरी जाऊन यंदा कोण जाणार आणि मूल कोणापाशी राहू शकते हे विचारावे. यादी ऑगस्टअखेर गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवून वसतिगृहाची मंजुरी घटस्थापनेपूर्वी मागावी आणि न मिळाल्यास पंचायत समितीपुढे बसावे. शाळेत गेलेच आहे तर पहिलीच्या वर्गात अर्धा तास जमिनीवर बसून मुले काय वाचतात आणि कुठपर्यंत मोजतात तेही ऐकावे. आष्टी, पाटोदा, केज, धारूर आणि पाथर्डी या पाच तालुक्यांपासून आरंभ करता येईल. सप्टेंबरच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपापली यादी सोबत आणावी.